थोरल्या दवाखान्यातली जागा

माझ्या आजीच्या तोंडात 'सी.पी.आर.' हा शब्द कधी आला नाही. भाऊसिंगजी रोडवरून जाताना काळ्या दगडाची ती इमारत दिसली की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची, देवळापुढून जाताना ओढावा तसा, आणि म्हणायची, "ह्यो थोरला दवाखाना." कोल्हापुरातली जुनी माणसं आजही त्याला हेच म्हणतात. कागदावर तो छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, त्याआधी तो अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होता. पण एस.टी.तून उतरलेल्या, डोक्यावर गाठोडं आणि काखेत लेकरू घेतलेल्या बाईला वाट विचारायची असते ती थोरल्या दवाखान्याचीच.

आजीची पहिली तीन बाळंतपणं गावात, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात झाली. सुईण म्हणजे शेजारच्या आळीतली म्हातारी, हाताला यश असलेली, साऱ्या गावाच्या विश्वासाची. नाळ कापायला घरातला विळा. नाळेला लावायला चुलीतली राख. आजीचं दुसरं मूल आठव्या दिवशी आखडलं. तोंड उघडेना, दूध ओढेना, आणि दिवेलागणीच्या आत गेलं. घर म्हणालं, सटवीनं नेलं. आरोग्याच्या बातम्या लिहायला लागल्यावर खूप वर्षांनी मला समजलं की हा नवजात बाळाचा धनुर्वात. तो विळ्याच्या पात्यावरून आणि राखेतल्या शेणमातीतून नाळेत शिरतो, आणि साधारण आठवड्याच्या आतबाहेर बाळाला धरतो. पाचवी-सहावीला सटवाई येते ही भीती आपल्या बायकांच्या मनात उगाच बसलेली नाही. त्या दिवसांत मुलं खरोखरच जात होती.

चौथ्या खेपेला मूल आडवं आलं. दोन रात्री कळा देऊन झाल्यावर सुईणीनंच हात जोडले आणि आजीला बैलगाडीत घालून कोल्हापूरला आणलं. त्या बाळंतपणात माझी आई जन्मली. आजी वाचली. तिच्यासाठी त्या दगडी इमारतीचं देऊळ झालं ते तेव्हापासून.

या लेखाचा विषय ती इमारत नाही. तिथली एक जागा आहे. नोकरीतली जागा म्हणतात त्या अर्थानं. बायकांच्या वॉर्डाची जबाबदारी घेणारी आणि बायकांना शिकवणारी डॉक्टर, ही ती जागा. कोल्हापूर दरबारानं ती १८८६ साली देऊ केली, आणि जिला देऊ केली तिचं नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंची गोष्ट आपण कल्याण, पुणे, कलकत्ता आणि फिलाडेल्फिया अशी वाचतो. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं ते १८८९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांत. नंतर श्री. ज. जोशींच्या कादंबरीनं आणि अलीकडे चित्रपटानं ती घरोघरी पोचवली. या सगळ्यात कोल्हापूर येतं आणि जातं. माझ्या मते ते मधोमध ठेवायला हवं, कारण त्या गोष्टीचा धागा कोल्हापुरातून निघतो आणि कोल्हापुरापर्यंत परत येता येता तुटतो.

गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते. बदलीच्या नोकरीत ते कोल्हापुरात आले तेव्हा इथे अमेरिकन मिशनचं काम पंचवीसेक वर्षं चाललेलं होतं. ते सुरू करणारे रेव्हरंड रॉयल वाइल्डर तोवर मायदेशी परतून 'मिशनरी रिव्ह्यू' नावाचं मासिक काढू लागले होते. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत त्याची काही सोय होईल का, अशा आशयाचं गोपाळरावांचं १८७८ सालचं पत्र कोल्हापुरातून गेलं आणि वाइल्डरांनी ते आपल्या मासिकात छापलं. धर्म बदलला तर बघता येईल, अशा वळणाचं उत्तरही त्याबरोबर होतं. जोडप्यानं ते मानलं नाही. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत ते मासिक चाळलं, आणि हिंदुस्थानातल्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. आनंदीबाईंची अमेरिकेतली 'मावशी' त्यांना अशी मिळाली.

पत्र लिहिलं गेलं तेव्हा आनंदी तेरा वर्षांची होती. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवस जगला. माझ्या आजीचं मूल आठ दिवस, हिचं दहा. आजीनं ते सटवीच्या नावावर घातलं आणि पुढची कूस उजवली. आनंदीनं ते कुणाच्याच नावावर घातलं नाही. बाई आजारी असली तरी परक्या पुरुषाला, मग तो डॉक्टर का असेना, अंग दाखवण्यापेक्षा मरण पत्करते, म्हणून या देशाला बायका डॉक्टर हव्यात, हे ती पुढे ठामपणे सांगत राहिली. २४ फेब्रुवारी १८८३ला श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालमध्ये, तिनं जे जाहीर भाषण केलं त्याचं सूत्र हेच. त्याच एप्रिलमध्ये ती कलकत्त्याहून बोटीत बसली. सोबत नवरा नव्हता. नऊवारीतली अठरा वर्षांची ब्राह्मण मुलगी नवऱ्यावाचून समुद्र ओलांडते, यात तेव्हा काय काय पणाला लागत होतं ते आज नीटसं कळणारही नाही.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ला तिनं एम.डी. मिळवली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. मला मात्र त्या पदवीपेक्षा तिच्या प्रबंधाचा विषय जास्त बोलका वाटतो. आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र, हा तो विषय. अमेरिकेत राहून, इंग्रजीतून, अमेरिकन प्राध्यापिकांपुढे तिनं आपल्याकडचं बाळंतपण मांडलं. सुश्रुतसंहितेत मूढगर्भ, म्हणजे वाट चुकलेला, अडलेला गर्भ, यावर स्वतंत्र अध्याय आहेत. शरीराचं इतकं बारकाईनं लिहून ठेवणाऱ्या देशात बाळंतिणीची खोली अंधारी, ओली आणि बिनखिडकीची कशी झाली, हा प्रश्न त्या विषयाच्या पोटात आहे. एकविसाव्या वर्षी हा विषय निवडणारी मुलगी नुसती डॉक्टर व्हायला निघाली नव्हती, शिकवायला निघाली होती, असं मला वाटतं. आपल्या बायकांना काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची, याची तिची जुळवाजुळव चालली होती.

मग कोल्हापूरच्या दिवाणांकडून नेमणूक आली. १८८६चा जून. शाहू महाराज तेव्हा बारा वर्षांचे होते आणि राजकोटला शिकत होते, म्हणजे हा निर्णय त्यांचा नव्हता. त्यांच्या अज्ञानकाळात राज्य चालवणाऱ्या कारभाऱ्यांचा होता. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल नवं होतं. टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी आखला त्या चार्ल्स मँट यांनीच त्याचाही आराखडा केलेला. इमारत उभी राहिली, पण बायका आत येईनात. येणार कशा? तपासणारा पुरुष. म्हणून स्त्रियांच्या वॉर्डाची प्रमुख म्हणून बाई डॉक्टर नेमायची, आणि तिनं रुग्ण बघण्याबरोबर मुलींचा वर्गही घ्यायचा, असं ठरलं. मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं ते त्याच वर्षी. बायकांच्या वैद्यकीय मदतीसाठी लेडी डफरिन यांचा फंड उभा राहिला तो आदल्या वर्षी. वारं त्या दिशेनं वाहू लागलं होतं हे खरं. तरी एका मराठी संस्थानानं परदेशी मडमेची वाट न पाहता आपल्याच मुलीला बोलावलं, याचं मोल मोठं आहे.

नोव्हेंबरात आनंदीबाई मुंबईला उतरल्या तेव्हा क्षयानं त्यांचं शरीर पोखरलं होतं. उपचारासाठी पुण्याला नेलं. २६ फेब्रुवारी १८८७ला त्या गेल्या. बावीस पुरायला महिनाभर उरला होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांचं पाऊल पडलं नाही.

सी.पी.आर.च्या आवारात मी कामानिमित्त कितीतरी वेळा गेले आहे. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग, झाडाखाली भाकरीचं फडकं सोडून बसलेले नातेवाईक, कुणाच्या तरी डोळ्यांत रात्रभराचं जागरण. दर वेळी ती न भरलेली जागा मला आठवते. एखाद्या माणसाच्या कारकिर्दीवर लिहिणं सोपं असतं, जन्म-शिक्षण-नोकरी-सन्मान असा जिना बांधता येतो. आनंदीबाईंची कारकीर्द झालीच नाही. पण जिच्यासाठी ती जागा निघाली ती गेली तरी जागेचं काम संपलं नाही, आणि ते काम नेमकं काय होतं हे शोधत गेलं की पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली माणसं भेटत जातात.

पहिल्या भेटतात त्या केळवकर मायलेकी. रखमाबाई केळवकर कोल्हापुरातल्या मुलींच्या शिक्षणाच्या आधारस्तंभ. शाहू महाराजांनी त्यांना संस्थानच्या स्त्रीशिक्षण खात्याची प्रमुख नेमलं. मुलींना शाळेत आणायचं म्हणजे दारोदार जाऊन आया-सासवांशी बोलायचं, हे ज्या बाईनं केलं तिच्या मुलीनं, कृष्णाबाईनं, डॉक्टर व्हायचं ठरवलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचं दार मुलींसाठी १८८३ सालीच उघडलं होतं. कृष्णाबाई तिथे शिकल्या, त्यामागे दरबारची मदत होती. शिकून परत आल्या आणि त्याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाल्या. पुढच्या शिक्षणासाठी महाराजांनी त्यांना विलायतेलाही पाठवलं.

एका पिढीत हे घडलं. पहिल्या मुलीला फिलाडेल्फियाला जावं लागलं, दुसरीला मुंबई पुरली. पहिलीच्या मागे विक्षिप्त, हट्टी नवरा होता, दुसरीच्या मागे शिकवणारी आई होती. मला हा दुसरा फरक जास्त महत्त्वाचा वाटतो. रखमाबाई बायकांना अक्षर शिकवत होत्या, कृष्णाबाई त्याच बायकांना शरीर शिकवत होत्या, घर एकच. शाहूंच्या राज्यात पुढे १९१७ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं, त्याच वर्षी विधवा पुनर्विवाहाला कायद्याचं पाठबळ मिळालं, १९१९ला बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धही कायदा झाला. या कायद्यांच्या यादीत दवाखान्यातली बाई डॉक्टर सहसा कुणी धरत नाही. धरायला हवी.

बाळंतपणाचा डॉक्टर आणि शिक्षक हे एकाच माणसात का असावं लागतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरनं पाहिलं की ज्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर बाळंतपणं करतात तिथे बाळंतज्वरानं बायका भराभर मरतात, आणि सुइणींच्या वॉर्डात त्या मानानं कमी. शिकाऊ डॉक्टर शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येत होते. त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मरणं झपाट्यानं घटली. एवढं धडधडीत दिसूनही वरिष्ठांनी त्याचं ऐकलं नाही. शोध लागला होता, तो दुसऱ्याच्या हातापर्यंत पोचत नव्हता. सुईण असो की प्राध्यापक, हात धुवायला लावणं हे शिकवण्याचंच काम, आणि औषध देण्यापेक्षा ते कितीतरी अवघड.

आपल्याकडे ते काम सुइणींपासून सुरू करावं लागलं. १९०३ साली लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मृतीनं जो निधी काढला तो याचसाठी, दाया-सुइणींना शिकवण्यासाठी. त्या प्रयत्नांत एक खोट होती. शिकवणारे सुइणीला अडाणी, घाणेरडी समजून सुरुवात करत. माझ्या आजीच्या सुईणीला आडवं मूल हातानं चाचपून कळलं होतं, आपल्या हातून होणार नाही हेही कळलं होतं. तिला माहीत नव्हतं ते एवढंच की विळा उकळत्या पाण्यातून काढायचा असतो. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. जिला साऱ्या बायका मानतात तिलाच शिकवायचं तर आधी तिच्याकडून शिकावं लागतं, हे आपल्या वैद्यकाला उमगायला फार वर्षं गेली.

स्त्रीरोगशास्त्राचं मराठी माणसाच्या हातून झालेलं मोठं काम दवाखान्यात आणि ऑपरेशन थिएटरात झालं, यात शंका नाही. गोव्यातल्या शिरोडा गावचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, तिथेच प्राध्यापक झाले. काही बायकांना चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येताच गर्भ निसटून जायचा, पुन्हा पुन्हा. त्यांच्या लक्षात आलं की पिशवीचं तोंडच सैल आहे, वाढतं वजन ते पेलत नाही. त्यांनी तिथे टाका घालून ते तोंड आवळून ठेवायची शस्त्रक्रिया बसवली आणि १९५५ला जगापुढे मांडली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आज 'शिरोडकर टाका' आहे. चौथ्यांदा पोट पडलेल्या बाईला, 'पांढऱ्या पायाची' म्हणून ऐकून घेतलेल्या बाईला, हा दोष पिशवीच्या तोंडाचा आहे आणि ते शिवता येतं, असं सांगणं ही त्या शस्त्रक्रियेची दुसरी बाजू. टाका पिशवीला पडतो, आणि त्या बाईवरचा ठपकाही जातो.

पण सांगायचं कोणत्या भाषेत? इथे र. धों. कर्वे आठवतात. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गमावली, आणि १९२७पासून १९५३मध्ये मरण येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक एकट्याच्या बळावर चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले; एका खटल्यात, १९३४ला, त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांनी शरीराबद्दल मराठीत, लाज न बाळगता, सरळ लिहिलं. त्याची किंमत त्यांच्या बायकोनंही मोजली, मालतीबाईंनी. घर चालवायला पगार लागतो आणि तो त्यांचा होता, ही गोष्ट कर्व्यांबद्दल लिहिताना विसरली जाते म्हणून इथे मुद्दाम नोंदवते.

कर्व्यांनी लिहिलं ते वाचणाऱ्यांसाठी. न वाचणाऱ्या बाईचं काय, या प्रश्नाचं उत्तर कोल्हापुरापासून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला मिळालं. चंद्रपूरच्या राणी बंग नागपूरहून स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. झाल्या, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकल्या आणि १९८६ला, म्हणजे आनंदीबाईंच्या नेमणुकीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, पती अभय बंग यांच्यासह गडचिरोलीत कामाला लागल्या. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. गरोदर नसलेल्या, दवाखान्यात न आलेल्या, रोज शेतावर जाणाऱ्या बायका. त्यांतल्या ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनहून जास्त. त्याआधी यासाठी तपासून घेतलेल्या बायका ८ टक्के. हा अभ्यास १९८९च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये आला आणि जगाची आरोग्य खाती चपापली. तोपर्यंत बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. दोन बाळंतपणांच्या मधली बाई, पाळी गेलेली बाई, मूल न झालेली बाई कुणाच्या हिशेबातच नव्हती.

तो अभ्यास म्हणजे त्या जागेचं काम पूर्णत्वाला गेल्यासारखं मला वाटतं. तपासणं आणि शिकवणं तर त्यात आहेच; त्याहून पुढे, आधी ऐकणं आहे. बायका अंगावरून पांढरं जातं म्हणतात, कंबर मोडते म्हणतात, पिशवी खाली आली म्हणतात. ही लक्षणांची नावं आहेत, आणि पाठ्यपुस्तकातल्या नावांइतकीच नेमकी आहेत. राणीताईंनी बायकांचं बोलणं टिपून त्यावर पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'कानोसा'. तरुण मुलामुलींशी शरीर आणि नात्यांबद्दल मोकळं बोलणारं त्यांचं 'तारुण्यभान' शिबीर महाराष्ट्रभर पोचलं. एम.डी. झालेल्या स्त्रीरोगतज्ज्ञानं शाळेच्या पोरांना पाळी का येते ते सांगत फिरायचं, हे काम कमी प्रतीचं मानणारे लोक वैद्यकात आहेत. त्यांच्यासमोर मी नेहमी तो ८ टक्क्यांचा आकडा ठेवते.

कोल्हापूरकडे परत येताना एक कडू घास गिळावा लागतो. अंबाबाईचं शहर, ताराराणीचं शहर, आणि २००१च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८३९. ज्या शास्त्रानं आडवं मूल आणि अडलेली बाई वाचवली, त्याच शास्त्राचं यंत्र पोटातली मुलगी हेरायला वापरलं गेलं. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ सालीच कायदा केला होता, देशाचा कायदा १९९४चा. तरी ऊस आणि दुधाचा पैसा आलेल्या गावांत लग्नाच्या मुलांना मुली मिळेनात इथवर गोष्ट गेली. यात आपल्या शहरातले शिकलेले डॉक्टर होते, म्हणून त्याचं दुःख जास्त.

लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथे जे झालं ते मात्र अभिमानानं सांगावं असं आहे. प्रत्येक सोनोग्राफीची माहिती ऑनलाइन भरायची, आणि यंत्राला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं उपकरण जोडायचं. यंत्रावर दिसलेलं प्रत्येक चित्र त्यात साठून राहायचं. रेडिओलॉजिस्टांची संघटना याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली आणि २०११च्या ऑगस्टमध्ये न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश योग्य ठरवला. त्या वर्षीच्या जनगणनेत राज्याचा आकडा ९१३वरून ८९४वर घसरला होता, कोल्हापूरचा ८३९वरून ८६३वर चढला होता. ८६३ हा काही मिरवायचा आकडा नाही. राज्य उतरत असताना जिल्हा चढला, एवढं मात्र त्यातून दिसतं. देशमुख मराठीतले कथाकार. लेकींच्या या कत्तलीवर त्यांनी कथाही लिहिल्या, कारण उपकरण यंत्राला बसवता येतं, सासूच्या मनाला बसवता येत नाही. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, हे वाक्य तपासणीच्या खोलीत, सासू शेजारी बसलेली असताना, कोणत्याही डॉक्टरला म्हणता येतं. ते किती जण म्हणतात?

आज सी.पी.आर. हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. म्हणजे १८८६च्या कागदावर एका बाईकडे सोपवलेली दोन्ही कामं, वॉर्ड आणि वर्ग, तिथे एका छताखाली चालतात. शासकीय रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात कधी सकाळच्या राऊंडच्या वेळी उभं राहावं. प्राध्यापक पुढे, त्यांच्यामागे निवासी डॉक्टर, त्यांच्यामागे वह्या घेतलेले विद्यार्थी. कळा देणाऱ्या बाईच्या खाटेशी एक तक्ता असतो, पार्टोग्राफ. पिशवीचं तोंड किती उघडलं, बाळाचे ठोके किती, कळा दहा मिनिटांत किती, हे त्यावर ठरावीक वेळानं नोंदवत जायचं. रेघ उजवीकडे सरकली की समजायचं, बाळंतपण अडतंय. माझ्या आजीनं दोन रात्री काढल्या ते या रेघेवर काही तासांत कळलं असतं. बाळ बाहेर आल्यावर मिनिटभराच्या आत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, म्हणजे पिशवी आवळते आणि रक्त थांबतं. बाळंतिणी आजही सर्वांत जास्त मरतात त्या रक्तस्रावानं, आणि त्यावरचा हा इलाज काही रुपयांचा आहे.

महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचं प्रमाण २०१८-२०च्या सरकारी पाहणीत ३३ होतं, देशाचं ९७. राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. हे आकडे आनंदीबाईंना दाखवता आले असते तर, असं मनात येतंच. पण त्याच पाहण्यांतल्या काही ओळी त्यांना ओळखीच्या वाटल्या असत्या. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. वीस ते चोवीस वयाच्या दर पाचांतल्या एकीहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं. आनंदीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं. वय वर सरकलं आहे. गोष्ट मागे पडलेली नाही.

म्हणून वॉर्डाइतकाच वर्ग महत्त्वाचा. दवाखान्यात बाळंत झालेली बाई दोन-तीन दिवसांत घरी जाते. पुढे तिच्याशी कोण बोलतं? तांबी म्हणजे काय, ती काळजात जाऊन बसत नाही. पिशवीत गाठ आहे म्हटल्याबरोबर पिशवी काढायची नसते. पाळी गेल्यावर लाल गेलं तर लाजून गप्प बसायचं नसतं, ती कॅन्सरची खूण असू शकते. हे सांगायला गावात आशाताई आहे. तिच्या पिशवीत लोहाच्या गोळ्या असतात आणि डोक्यावर दहा रजिस्टरं. ती आपल्या सुईणीच्या जागी आलेली बाई आहे, आणि तिला शिकवणारा जो कुणी प्राध्यापक असेल, तो आनंदीबाईंच्या जागेवर बसलेला आहे, त्याला ते माहीत असो वा नसो.

आजीच्या त्या चौथ्या बाळंतपणाची एक आठवण सांगायची राहिली. आई जन्मली, आजी शुद्धीवर आली, तेव्हा एका नर्सबाईंनी बाळ तिच्या अंगावर ठेवलं आणि पाज म्हणाल्या. आजी घाबरली. पहिले तीन दिवस बाळाला चीक द्यायचा नसतो, तो पिळून टाकायचा, बाळाला गुळाचं पाणी बोटानं चाटवायचं, ही घरची रीत. नर्सबाई तिच्या खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "म्हशीचा चीक टाकता का गं तुम्ही?" आजी म्हणाली, "न्हाई बाई, खरवस करतो की. रेडकालाबी पाजतो, त्येच्यानं ते धड उभं ऱ्हातंय." "मग?" नर्सबाईंनी एवढंच विचारलं.

त्या नर्सबाईंचं नाव आजीला ठाऊक नव्हतं. त्यांना हे कुणी शिकवलं, त्यांना शिकवणारीला कुणी, हे आता शोधून मिळणार नाही. पण पंचवीस वर्षांनी मी जन्मले ती त्याच थोरल्या दवाखान्यात, आणि तिथे घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईनं चीक काढून टाकायला वाटी पुढे केली, तेव्हा आजीनं ती वाटी उपडी घातली. मला उचलून आईच्या अंगावर दिलं आणि म्हणाली, "म्हशीचा टाकतीस व्हय?"